रात्री आठ चाळीसच्या आत

"तीनशे वीस बॉक्स ठेवलेत मी, पावती हाय खिशात. कॉम्प्युटर काय म्हणतोय ते मला सांगू नगासा."

कोल्ड स्टोरेजच्या दिवाणजींनी फोन मुद्दामच काउंटरवर ठेवला होता, त्यामुळे हे वाक्य मला सांगलीत विश्रामबागच्या ऑफिसात बसून जसंच्या तसं ऐकू आलं. एप्रिलातला शुक्रवार, दुपारचे पावणेचार. कॉम्प्युटर म्हणत होता की या माणसाचं खातंच नाही. त्याच नावाच्या दुसऱ्या एका पाटलांच्या खात्यावर मात्र एक हजार एकशे ऐंशी बॉक्स दिसत होते, आणि त्या पाटलांची बाग मिळून दोन एकर.

मी आणि माझा पार्टनर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर चालवतो. तासगाव ते कवठेमहांकाळ या पट्ट्यात आमची चार गिऱ्हाइकं आहेत. शेतकरी शेडवरून माल आणतो, १५ किलोचा एक बॉक्स, मालाला लॉट नंबर पडतो, पावती फाटते, आणि मग माल आत जाऊन बसतो तो भाव येईपर्यंत. कुणी पंधरा दिवसांत काढतो, कुणी दिवाळीला. काढताना भाडं, हमाली, गेट पास. हे सगळं आमच्या डेटाबेसमध्ये, प्रत्येक कोल्डचा डेटाबेस वेगळा. चारही डेटाबेस क्लाउडवर.

क्लाउडवर का, तर २०१९ चा महापूर. तेव्हा आमचं ऑफिस मारुती चौकाजवळ होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सर्व्हर टेबलावर होता, टेबल पाण्यात होतं. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. त्यानंतर गिऱ्हाइकांना मी छाती पुढे काढून सांगत आलो, की आता डेटा मुंबईच्या डेटासेंटरमध्ये आहे आणि कुठल्याही क्षणाला परत नेता येतो. 'कुठल्याही क्षणाला' हे मी जाहिरातीतून उचललेलं होतं. त्याच्यापुढचं 'ठरावीक दिवसांच्या आतल्या' हे माझ्या तोंडून कधी निघालं नाही, कारण ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

तर, पाटील कुठे गेले?

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही एक स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, चालवली होती. एकाच शेतकऱ्याची दोन-तीन खाती झाली होती, कारण घाईत दिवाणजी जुनं खातं शोधण्यापेक्षा नवं उघडतात. ती एकत्र करायची होती. नाव सारखं आणि मोबाईल नंबर सारखा असेल तर सगळे लॉट सगळ्यात जुन्या खात्यावर न्यायचे आणि बाकीची खाती काढून टाकायची, एवढं सोपं. गावाचं नाव आम्ही तपासलंच नाही, कारण मणेराजुरी एकटीच आमच्याकडे पाच प्रकारे लिहिलेली आहे.

आता ज्यांचा मोबाईल नंबर घेतलेलाच नाही, त्यांचा रकाना मोकळा. मोकळा आणि मोकळा सारखाच. डेटाबेसमध्ये खरा 'नल', म्हणजे 'माहिती नाही' अशी खूण, असता तर तो दुसऱ्या नलाशी जुळला नसता, पण आमच्या फॉर्ममधून रिकामी अक्षरमाळ जात होती, आणि ती मात्र तंतोतंत जुळते. सावळजचे, विसापूरचे, येळावीचे, एकाच नावाचे आणि मोबाईल न दिलेले सगळे पाटील एका रात्रीत एक झाले. टेस्टच्या डेटात हे सापडलं नाही. तिथे प्रत्येकाला मोबाईल नंबर होता, कारण तो आम्हीच भरलेला होता.

तासगाव रोडच्या या एका कोल्डमध्ये अशी ६३ खाती गेली होती. हे कळायला पाच वाजले. त्याआधी सव्वा तास मी दिवाणजींनाच विचारत होतो, की नाव नीट टाइप केलंत का.

पाच वाजता पार्टनरनं व्हॉट्सॲप वर सरकवत नेलं आणि माझाच मेसेज दाखवला: 'झालं रन. ८:४०. आता जेवायला.' मागच्या शुक्रवारचा. मग आम्ही कन्सोल, म्हणजे क्लाउड सांभाळायचा स्क्रीन, उघडला. बॅकअपच्या पानावर दोन ओळी होत्या, परत जाता येईल अशी सगळ्यात जुनी वेळ आणि सगळ्यात नवी वेळ. मुदत सात दिवस. जुनी वेळ मागच्या शुक्रवारची दुपार दाखवत होती. मी पान रिफ्रेश केलं. ती वेळ काही मिनिटं पुढे गेली होती.

त्या क्षणी पोटात जे झालं ते पुरात झालं नव्हतं. पाणी निदान वर येताना दिसतं. इथे आज रात्री ८:४० वाजले की मागच्या शुक्रवारची ८:४० ची वेळ खिडकीबाहेर पडणार होती, आणि मग कितीही मागे गेलं तरी सगळे पाटील एकच.

हे असं का, ते आमच्या दिवाणजींना मी नंतर त्यांच्याच भाषेत सांगितलं. क्लाउड काही प्रत्येक क्षणाचा फोटो काढून ठेवत नाही. ठरल्या वेळी एक पूर्ण प्रत घेतो, ती समजा आरंभीची शिल्लक. त्यानंतर होणारा प्रत्येक बदल लॉगमध्ये ओळीनं लिहीत जातो, ती रोजकीर्द. मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांची स्थिती हवी असेल तर त्याआधीची शिल्लक घ्यायची आणि तिच्यावर तीन-दहापर्यंतची रोजकीर्द चढवायची. शिल्लक आणि रोजकीर्द दोन्ही जपाव्या लागतात, त्याला जागा लागते, म्हणून मुदत. मुदतीबाहेरचं पान फाडलं की त्याआधीच्या क्षणाला जायला वाटच उरत नाही. दिवाणजी ऐकून म्हणाले, "हरिपूरच्या पेवात हळद चार-चार वर्षं राहायची. तुमच्या ढगात सात दिवस?" हरिपूरच्या त्या जमिनीतल्या पेवांत २००५ च्या पुरात पाणी शिरलं होतं, हे मी त्यांना आठवून देणार होतो. दिलं नाही.

पहिला फोन कोल्डला केला: एंट्री बंद ठेवा, जे काय असेल ते कागदावर. मग पाच वीसला रिस्टोअर सुरू केलं. वेळेच्या चौकटीत मी २०:३५ टाकलं, म्हणजे स्क्रिप्टच्या पाच मिनिटं आधी.

रिस्टोअर म्हणजे चालू डेटाबेस मागे जातो असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं होत नाही. चालू डेटाबेस आहे तिथेच राहतो आणि शेजारी त्या जुन्या क्षणाचा एक नवा डेटाबेस उभा राहतो, वेगळ्या पत्त्यावर. तो उभा राहायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. सहा-दहाला तयार झाला, आणि जोडणी होईना. नव्या डेटाबेसला जुन्याचे नेटवर्कचे नियम लागलेच नव्हते, स्वतः न निवडल्यामुळे त्याला साधे आधीच ठरलेले नियम मिळाले होते. त्यात दहा मिनिटं. मग आत शिरलो, पहिलीच क्वेरी पाटलांवर मारली.

एक हजार एकशे ऐंशी बॉक्स.

पार्टनर काहीच बोलला नाही. मी स्क्रीनकडे बघत बसलो. स्क्रिप्टच्या आधीची वेळ दिली होती, तरी बिघाड आतमध्ये कसा? त्याला माझ्या आधी दिसलं. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात, फिक्या करड्या अक्षरात, तीन अक्षरं होती: यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. माझी २०:३५ म्हणजे इथली शनिवारची पहाट, दोन वाजून पाच मिनिटं. मी बिघाड होऊन साडेपाच तासांनंतरचा डेटाबेस मोठ्या हौसेनं उभा केला होता.

सहा-चाळीस. पान रिफ्रेश केलं, सगळ्यात जुनी वेळ: मागचा शुक्रवार, १३:१०. आता बोटांवर मोजलं, कागदावर लिहिलं, पार्टनरनं वेगळं मोजलं. ८:३५ वजा साडेपाच, १५:०५. हीच ती. यावेळी नेटवर्कचे नियमही आधीच निवडले. बटण दाबलं तेव्हा दोन तास हातात होते, आणि एकदा काम सुरू झालं की मागे मुदत सरकली तरी चालतं. पण दिवाणजींचा फोन पावणेचारऐवजी संध्याकाळी साडेसहाला आला असता, तर यूटीसीचा शोध आम्हाला मुदत संपल्यावर लागला असता.

एक गोष्ट तेव्हा सुचायला हवी होती आणि सुचली नाही. मुदत सातावरून पस्तीस दिवस करण्याचा पर्याय त्याच पानावर होता. ती वाढवून गेलेला काळ परत येत नाही, खिडकी त्यानंतर रोज एक-एक दिवसानं रुंद होत जाते. पण जे अजून मुदतीत आहे ते सुटून जायचं थांबतं. घड्याळाकडे बघत घाम पुसण्यापेक्षा पाच वाजताच ते एक केलं असतं, तर पुढचं निवांत झालं असतं. आज कुणाचा असा फोन आला तर मी आधी हेच सांगतो, आणि मग 'काय झालं' ते विचारतो.

साडेसातला दुसरा डेटाबेस उभा राहिला. पाटील वेगळे होते. सावळजचे तीनशे वीस बॉक्सवाले त्यांच्या जागी, विसापूरचे त्यांच्या. चहा मागवला.

खरं काम त्यानंतर. मधल्या सात दिवसांत कोल्ड काही थांबलं नव्हतं, ऐन आवकेचा हंगाम. चालू डेटाबेस टाकून जुना उचलला तर आठवड्याभराची आवक-जावक गेली. म्हणून जुन्यातून फक्त त्या ६३ खात्यांची आणि त्यांच्या लॉटची यादी काढायची, गेलेली खाती पूर्वीच्याच क्रमांकानं चालूमध्ये परत उघडायची आणि शुक्रवारच्या आधीचे लॉट ज्याचे त्याला द्यायचे. हे मशीननं वीस मिनिटांत केलं. उरले ते या सात दिवसांत त्या गोळा झालेल्या खात्यांवर चढलेले २७ नवे लॉट आणि ११ गेट पास. ते कुणाचे, हे कुठलाही डेटाबेस सांगू शकत नव्हता, जुनाही नाही आणि नवाही नाही.

रात्री दहाला आम्ही मोटरसायकलवर तासगाव रोडला. दिवाणजींनी पावतीपुस्तकं काढून ठेवली होती. पावतीच्या तीन प्रती: पांढरी शेतकऱ्याला, पिवळी ऑफिसला, गुलाबी चेंबरवरच्या मुकादमाला. असा नियम. प्रत्यक्षात घाईत गुलाबी शेतकऱ्याला आणि पांढरी मुकादमाला असंही होतं. पिवळ्या प्रतीवर कार्बनचं अक्षर इतकं पुसट, की दिवाणजी ते वाचायचे नाहीत, बोट फिरवून ओळखायचे. "हा येळावीचा. त्याच्या गाडीचा डाला मोडका हाय, त्यो दोन खेपा करतो." दोन खेपा पावतीवर होत्याच.

माल कुणाचा कुणाकडे गेला नव्हता, हे नशीब. बॉक्सवर लॉट नंबर असतो आणि हमालांना तो पाठ असतो. स्क्रीनवर काहीही दिसो, ते थप्पी बघून बॉक्स काढतात. चुकलं होतं ते भाडं. विसापूरच्या एका पाटलांनी मंगळवारी माल काढताना येळावीच्या पाटलांचंही भाडं भरलं होतं आणि पावती घेऊन मुकाट गेले होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मला वाटलं दर वाढला." दर त्या महिन्यात खरंच वाढला होता.

पहाटे तीनला आटपलं. त्यातल्या एका खात्यावर बँकेचं तारण होतं, त्याचा आकडा दिवाणजींनी तीनदा मोजायला लावला.

सकाळी साडेनऊला उठलो तेव्हा पार्टनरचे चार मिस्ड कॉल. स्क्रिप्ट आम्ही फक्त शुक्रवारी नव्हती चालवली. कवठेमहांकाळच्या बाजूचं एक छोटं कोल्ड आहे, तिथे दोन दिवस आधी, बुधवारी, 'आधी लहान ठिकाणी बघू' म्हणून चालवली होती. तिथून तक्रार आलीच नव्हती. म्हणूनच तर शुक्रवारी मोठ्या ठिकाणी चालवायचा धीर झाला. तक्रार नाही म्हणजे बरोबर चाललं, असं आम्ही धरलं. प्रत्यक्षात तिथे त्या आठवड्यात त्या १९ खात्यांपैकी कुणी माल काढायला आलंच नव्हतं.

तिथली सगळ्यात जुनी वेळ मागच्या शनिवारी सकाळची. बुधवार तीन दिवस मागे राहिलेला.

क्लाउडच्या मदतकेंद्राला लिहिलं, की पैसे घ्या पण तीन दिवस मागचं कुठून तरी द्या. उत्तर सभ्य होतं आणि नकारार्थी होतं. मुदतीबाहेरचं काढून टाकलेलं असतं, कुठल्या गुप्त कपाटात नसतं. मला रागही आला, पण बॅकअपची सात दिवसांची चौकट मीच डेटाबेस उघडताना बघितली होती आणि तशीच पुढे गेलो होतो.

त्यानंतर मी पहिल्यांदा हे नियम बसून वाचले. ॲमेझॉनच्या आरडीएसमध्ये आपोआप बॅकअपची मुदत जास्तीत जास्त ३५ दिवस. कन्सोलवरून डेटाबेस उघडला तर आपोआप सात दिवस मिळतात, कमांडनं उघडला आणि काही सांगितलं नाही तर एकच दिवस. मुदत शून्य केली की आपोआप बॅकअपच बंद. मायक्रोसॉफ्टच्या अझूर एसक्यूएलमध्येही नेहमीची मुदत सात आणि वरची ३५, पण सगळ्यात स्वस्त बेसिक प्लॅनमध्ये साताच्या पुढे जाताच येत नाही. गूगलच्या क्लाउड एसक्यूएलमध्ये साध्या एंटरप्राइज आवृत्तीत क्षणाला परत नेणारे लॉग सातच दिवस, ३५ पाहिजेत तर वरची आवृत्ती. गूगलच्याच फायरस्टोअर या दुसऱ्या डेटाबेसला सात दिवस, तेही चालू केलं असेल तर. म्हणजे या सगळ्यांत जास्तीत जास्त मुदत सात नाहीतर पस्तीस, याच दोन आकड्यांत फिरायचं. त्यापुढचं हवं असेल तर वेगळी सोय: हातानं घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळची पूर्ण प्रत, आपण पुसेपर्यंत राहतो, अझूरमध्ये दीर्घ मुदतीच्या प्रती दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. पण त्या प्रती म्हणजे ठरावीक दिवसांच्या शिलका. मधली रोजकीर्द त्यांत नसते.

आणि बेदाण्याला पस्तीस तरी कुठे पुरतात? बँकेतली चूक दुसऱ्या दिवशी ओरडते, कारण माणूस रोज बॅलन्स बघतो. आमच्या धंद्यात चूक गप्प बसते. मार्चमध्ये माल ठेवणारा दिवाळीला येतो, आणि तेव्हाच त्याला कळतं की आपण नाहीच. मुदत किती ठेवायची हे मी आजवर डेटाबेसच्या आकारावरून आणि बिलावरून ठरवत होतो. ती ठरवायची ती गिऱ्हाइकाला चूक कळायला किती दिवस लागतात त्यावरून, आणि आमच्याकडे ते दिवस कुठल्याच मुदतीत बसत नाहीत. म्हणून आता खाती एकत्र करणारी कुठलीही स्क्रिप्ट आधी एका टेबलमध्ये लिहून ठेवते, की हा लॉट आधी कुणाच्या नावावर होता. ते टेबल कधीच पुसायचं नाही. शिवाय स्क्रिप्टच्या आधी हातानं स्नॅपशॉट. मुदत चारही ठिकाणी ३५. बिल थोडं वाढलं. त्याहून जास्त वाढलं ते त्या शुक्रवारी चुकीच्या वेळेचा उभा केलेला डेटाबेस आम्ही बंद करायला विसरलो म्हणून. तो अकरा दिवस रिकामा चालू होता.

कवठेमहांकाळला सुदैवानं १२ फेब्रुवारीचा एक हाताचा स्नॅपशॉट सापडला, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलताना घेतलेला आणि विसरलेला. त्यातून फेब्रुवारीपर्यंतचे लॉट ज्याचे त्याला गेले. पण तिथून एप्रिलपर्यंत म्हणजे आवकेचा सगळा भर. एरवी आवक झाली की शेतकऱ्याला एसएमएस जातो, त्यावरून जुळवता आलं असतं. पण ही १९ खाती गोळा झाली होती ती मोबाईल नंबर नसल्यामुळेच, तेव्हा एसएमएस कुठून असणार? कागदावरूनच करावं लागलं. नऊ दिवस, रोज संध्याकाळी चार तास. तिथल्या मालकीणबाईंनी पहिल्या दिवशी एकच विचारलं, "शेतकऱ्याला पैसे कमी-जास्त जाणार नाहीत ना?" त्यानंतर त्या रोज आमच्यासाठी भाकरी पाठवायच्या, आणि बोलायच्या मात्र नाहीत. पावत्या जुळत नव्हत्या तिथे गावात जाऊन विचारलं. एका म्हाताऱ्यानं पावती टोपीच्या घडीतून काढली. घामानं चार तुकडे झालेली, पण लॉट नंबर नेमका मधल्या तुकड्यावर.

एकोणीसपैकी अठरा खाती लागली. एका लॉटचा मालक अजून मिळालेला नाही. ४६ बॉक्स, दोन नंबरच्या चेंबरमध्ये, मागच्या भिंतीकडची थप्पी. पिवळ्या प्रतीवर नावाच्या जागी नुसतं 'पाटील' आणि गावाच्या जागी पाण्याचा डाग. सॉफ्टवेअरमध्ये ते आम्ही मालक सापडेपर्यंत उचंत खात्यावर ठेवलेत. तिथले दिवाणजी दर सोमवारी फोन करून विचारतात, कुणी आलं का म्हणून. खरं तर येईल तो त्यांच्याकडेच येईल, माझ्याकडे नाही. पण ते विचारतात आणि मी 'नाही' म्हणतो.